माणसं फिरतात कमी, थांबतात जास्त

लोकांच्या हालचालींच्या डेटावर काम करते असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हमखास एक चित्र उभं राहतं. काळाकुट्ट नकाशा, त्यावर सरकणारे लाखो पिवळे ठिपके, सकाळी शहराच्या मध्याकडे ओढले जाणारे आणि संध्याकाळी बाहेर पांगणारे. असे व्हिडिओ आम्हीही बनवतो. सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडला ते लागतात, सगळे कौतुकाने बघतात आणि नंतर ती फाइल कुणी पुन्हा उघडत नाही. त्यातून कळत काहीच नाही. सकाळी लोक कामाला जातात आणि संध्याकाळी परततात, हे समजायला कोट्यवधी ओळींचा डेटा लागत नव्हता.

माझ्यासमोर प्रत्यक्षात असतो तो एक तक्ता. आयडी, वेळ, अक्षांश, रेखांश, अचूकता. आयडी म्हणजे अक्षरांची आणि अंकांची निरर्थक माळ. अचूकता मीटरमध्ये, कधी ८, कधी १,४००. ओळी इतक्या की फाइल सरळ उघडून बघायची सोय नसते, नमुना काढूनच बघावं लागतं. नवा डेटा आला की सुरुवातीचे काही दिवस मी एकही नकाशा काढत नाही. कुठल्या तासाला किती ओळी, एका आयडीच्या किती ओळी, सलग दोन ओळींमध्ये किती वेळ गेला, असे कंटाळवाणे आलेख काढत बसते. हे करता करता माझं एक मत पक्कं होत गेलंय. या क्षेत्राला आपण हालचालीचा अभ्यास म्हणतो, पण डेटात हालचाल फार थोडी असते. बहुतेक ओळी कुठेतरी बसलेल्या, झोपलेल्या, रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या असतात. आणि या क्षेत्रात जे जे नियम आजवर टिकले, ते बव्हंशी या थांबण्याचे आणि परत येण्याचे नियम आहेत.

आता माणूस थांबला हे ठरवायचं कसं? आपल्याला ते दिसतं, फोनला दिसत नाही. टेबलावर निपचित पडलेला फोनसुद्धा जीपीएसच्या लेखी आजूबाजूला भटकत असतो, कारण उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतात. म्हणून नियम करावा लागतो: इतक्या मीटरच्या आत इतकी मिनिटं राहिला तर तो थांबला असं धरायचं. बीजिंगमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जमवलेला ‘जिओलाइफ’ नावाचा डेटासंच या कामात शिकाऊ लोकांच्या हाती सर्वांत आधी पडतो. १८२ जणांचे, एप्रिल २००७ ते ऑगस्ट २०१२ या काळातले माग. त्या कामातले २०० मीटर आणि २० मिनिटं हे आकडे आजही अनेक जण डोळे झाकून उचलतात.

डोळे उघडे ठेवून उचलले तर बरं, कारण हे दोन आकडे बदलले की सगळं शहर बदलतं. वेळ पाच मिनिटांवर आणली की सिग्नलला अडकलेली प्रत्येक गाडी ‘थांबली’ म्हणून नोंदली जाते आणि शहरातली सर्वांत लोकप्रिय ठिकाणं म्हणजे चौक ठरतात. तासाभरावर नेली की मुलाला शाळेत सोडून, औषधं घेऊन, बँकेत डोकावून घरी येणारी बाई नकाशावरून पार पुसली जाते. तिच्या फेऱ्या छोट्या, एकीला एक जोडलेल्या. नऊला जाऊन सहाला परतणारा माणूस मात्र कुठल्याही आकड्यात ठळक दिसतो. मग त्याच्यासाठी बस आखली जाते. मला हा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, पण बैठकीत तो ‘पॅरामीटर’ या शीर्षकाखालीच येतो आणि दोन मिनिटांत संपतो.

हे नियम मी आधी माझ्याच फोनच्या जुन्या मागावर चालवून बघते. घर बरोबर सापडतं. रात्री सर्वांत जास्त वेळ जिथे जातो ते घर, या नियमात माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत फारसं चुकायला जागा नाही. (रात्रपाळी करणाऱ्यांचं घर मात्र हाच नियम कारखान्यात किंवा इस्पितळात नेऊन ठेवतो.) कामाचं ठिकाण शोधायचा नियम असा की घर सोडून, कामाच्या दिवशी ज्या जागी माणूस सर्वांत नियमाने जातो ती जागा. मी घरून काम करते. त्यामुळे प्रोग्रॅमच्या मते मी एका पोहण्याच्या तलावात नोकरीला आहे, हजेरी उत्तम, कामाचे तास फारच कमी.

या सगळ्याला मोबाइलमुळे सुरुवात झाली असा एक समज आहे. १८८५ मध्ये अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टाइन या जर्मनीत जन्मलेल्या, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भूगोलतज्ज्ञाने ‘स्थलांतराचे नियम’ या नावाचा लेख लिहिला. हाताशी डेटा होता ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेचा: माणूस कुठे जन्मला आणि आता कुठे राहतो. बस्स, दोन थांबे. मधला प्रवास पूर्ण गायब. तेवढ्यावरून त्याने सांगितलं की बहुतेक स्थलांतरं जवळच्या अंतरावर होतात, प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, आणि जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात. तिन्ही गोष्टी त्याने हाताने बेरजा करून काढल्या. आज माझ्याकडे त्याच्याहून कितीतरी पट ओळी आहेत, आणि पहिला आलेख काढला की तोच सांगतो: जवळ जास्त, लांब कमी.

किती कमी, हा पुढचा प्रश्न. तिथे एक गमतीदार डेटासंच मदतीला आला. अमेरिकेत १९९८ पासून ‘व्हेअर इज जॉर्ज’ नावाची एक वेबसाइट आहे. हौशी लोक हातात आलेल्या डॉलरच्या नोटेचा क्रमांक आणि आपला पिनकोड तिथे टाकतात आणि पुढे ती नोट कुठे कुठे उगवली ते बघत बसतात. डर्क ब्रॉकमन, लार्स हुफनागेल आणि थेओ गायझेल यांनी अशा ४,६४,६७० नोटांच्या उड्या मोजून २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापला. अंतर वाढलं की उड्यांचं प्रमाण घटतं, पण घंटेच्या आकाराच्या वक्रात घटतं तसं झपाट्याने नाही. लांबच्या उड्या दुर्मीळ असल्या तरी हिशेबातून वगळण्याइतक्या दुर्मीळ नसतात. अशा घसरणीला गणितात पॉवर लॉ म्हणतात. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना हे सोनंच होतं, कारण विषाणूही नोटेसारखाच या हातातून त्या हातात जातो.

पण नोट म्हणजे माणूस नव्हे. नोटेला घर नसतं. माणूस सहलीहून परततो, नोट तिकडेच खर्च होते आणि दुसऱ्याच्या खिशातून पुढे जाते. २००८ मध्ये मार्ता गोन्झालेझ, सेझार हिदाल्गो आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी एक लाख मोबाइलधारकांच्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा फरक लख्ख दिसला. लांब उड्यांचा पॉवर लॉ इथेही होता, पण एका मर्यादेनंतर तो तुटत होता. प्रत्येक माणसाच्या फिरण्याचा पसारा त्यांनी एका त्रिज्येत मोजला. ती त्रिज्या सुरुवातीला भराभर वाढते आणि मग अगदी मंद, लॉगच्या चालीने सरकते. महिनोन्‌महिने बघत राहा, पसारा जवळपास तेवढाच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. फक्त कुणाचं कुंपण तीन किलोमीटरवर, कुणाचं तीनशेवर. त्या निबंधातला माझा सर्वांत आवडता आलेख मात्र वेगळाच आहे. एखाद्या जागेवरून निघालेला माणूस तिथेच पुन्हा किती तासांनी दिसतो, याचा. २४, ४८, ७२ तासांवर एकापुढे एक टोकदार उंचवटे. एवढ्या अवाढव्य डेटातून शेवटी निघालं काय, तर रोज घरी जाणं.

पॉवर लॉ दिसला की लोकांना जो आनंद होतो त्याबद्दल थोडं बोलायला हवं. १९९६ मध्ये भटक्या अल्बाट्रॉस पक्ष्यांवरचा एक निबंध असाच गाजला होता. पक्ष्यांच्या पायाला बांधलेली यंत्रं पाय ओला की कोरडा एवढंच नोंदवत. कोरडा म्हणजे हवेत, ओला म्हणजे पाण्यावर. त्यावरून उड्डाणांच्या काळाचा सुंदर पॉवर लॉ निघाला आणि निसर्गाने अन्न शोधायची सर्वोत्तम रीत अल्बाट्रॉसला शिकवली आहे, असं म्हटलं जाऊ लागलं. २००७ मध्ये तोच डेटा पुन्हा तपासला गेला. सर्वांत लांब ‘उड्डाणं’ ही उड्डाणं नव्हतीच. ते पक्षी जमिनीवर बसलेले होते. कोरड्या पायांनी. ती वजा केल्यावर पॉवर लॉ उरला नाही. या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांत पहिल्या निबंधाचे काही लेखकही होते, हे मला फार भावतं. अल्बाट्रॉस खरंच कसा उडतो यावरचा वाद त्यानंतरही चालू राहिला, पण माझ्यापुरता मुद्दा वेगळा आहे: बसलेल्या पक्ष्याला यंत्राने उडवलं होतं.

आमच्याकडे हे रोज घडतं. घरात सोफ्यावर बसलेल्या माणसाचा फोन दोन टॉवरांच्या सीमेवर असेल तर तो कधी याला जोडला जातो, कधी त्याला. डेटात तो माणूस रात्रभर दोन किलोमीटरच्या येरझाऱ्या घालत असतो. आम्ही याला पिंगपाँग म्हणतो आणि साफसफाईचा निम्मा वेळ यातच जातो. लोकेशन न मिळाल्यास काही ॲप अक्षांश शून्य, रेखांश शून्य असं लिहून मोकळे होतात, त्यामुळे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात भर समुद्रात बारमाही गर्दी असते. त्या जागेला या धंद्यात ‘नल आयलंड’ असं नाव आहे. बेट नाही, काही नाही. याहून वाईट प्रकार अमेरिकेत झाला. आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीने ‘अमेरिकेत कुठेतरी’ या उत्तरासाठी देशाच्या साधारण मध्याचा एक बिंदू ठरवला होता: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो नेमका कॅन्ससमधल्या एका शेतघराजवळ पडत होता. कोट्यवधी आयपी पत्ते त्या बिंदूला चिकटले आणि चोरीला गेलेल्या फोनचे मालक, पोलीस, तपास अधिकारी वर्षानुवर्षं त्या घराचं दार ठोठावत राहिले. कारण २०१६ मध्ये उघड झालं. शून्यांनी संपणारे अक्षांश-रेखांश दिसले की मी आजही आधी ते बाजूला काढते.

आणि कॉलच्या नोंदी. जुन्या सगळ्या मोठ्या अभ्यासांचा पाया हाच आहे. माणूस फोनवर बोलला किंवा त्याने मेसेज केला तरच ओळ तयार होते. गाडी चालवताना बहुतेक जण बोलत नाहीत (निदान आपण तसं धरून चालतो). म्हणजे हा डेटा थांबलेल्या माणसांच्या बाजूने आधीच झुकलेला. मग ‘माणसं थांबतात जास्त’ हा माझा शोध त्यातूनच आलाय का? ही शंका रास्त आहे आणि मी ती स्वतःला बऱ्याचदा विचारली आहे. मिनिटामिनिटाला नोंद करणाऱ्या जीपीएसच्या डेटातही चित्र तेच राहतं, म्हणून मी माझ्या मतावर ठाम आहे. शिवाय वेळेच्या हिशेबांचंही तेच म्हणणं. चेझारे मार्चेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने याकोव झहावी यांच्या कामाच्या आधारे १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस दिवसाकाठी साधारण तासभर प्रवासाला देतो. पायी असो वा मोटारीने. वेग वाढला की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. उरलेले तेवीस तास माणूस कुठेतरी असतो.

‘माणसाच्या हालचालींचा ९३ टक्के अंदाज बांधता येतो’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्याचं मूळ २०१० मधल्या ‘सायन्स’मधल्या निबंधात आहे. चाओमिंग साँग आणि सहकाऱ्यांनी पन्नास हजार लोकांच्या तीन महिन्यांच्या नोंदी घेतल्या. माणूस या तासाला कुठे असेल याबद्दलची अनिश्चितता त्यांनी एन्ट्रॉपीत मोजली तर ती ०.८ बिट भरली, म्हणजे सरासरीने दोनपेक्षा कमी जागांमधला पेच. त्यावरून वरची मर्यादा काढली ती ९३ टक्के. म्हणजे जगातला उत्तमातला उत्तम प्रोग्रॅम फार तर तिथवर जाऊ शकेल; एखादा प्रोग्रॅम तिथे पोचलाय असं कुणी म्हटलेलंच नाही. बातम्यांमध्ये ही मर्यादाच यश बनून गेली.

त्यातही खोच आहे. प्रश्न तासागणिक विचारला होता, आणि जागा टॉवरच्या मापाने मोजली होती. रात्री दोनला घरी असलेला माणूस तीनला कुठे असेल? घरी. चारला? घरीच. असे सोपे तास एकामागून एक मोजत गेलं तर गुण भरपूर मिळतात. तेच प्रश्न उलटवून ‘आता हा उठला, तर पुढे कुठे जाईल’ असं विचारलं की मर्यादा खाली येते. २०१७ मध्ये एका अभ्यासाने ती सुमारे ७१ टक्क्यांवर आणली. माझ्या अनुभवात हाच आकडा कामाचा आहे, कारण बस कुठे सोडायची, रुग्णवाहिका कुठे उभी ठेवायची या प्रश्नांना झोपलेले तास उपयोगाचे नसतात. तरीही ७१ काही कमी नव्हे. दिवसाच्या फेऱ्यांचे आराखडे काढले (घर-काम-घर, घर-काम-दुकान-घर असे), तर फक्त १७ आराखड्यांत सुमारे ९० टक्के लोक बसतात, हे पॅरिस आणि शिकागोच्या डेटावर दाखवलं गेलंय.

लॉरा अलेस्सांद्रेत्ती आणि सहकाऱ्यांचं २०१८ मधलं काम मला या सगळ्यात सर्वांत जवळचं वाटतं. सुमारे चाळीस हजार लोकांच्या मागांवरून त्यांनी दाखवलं की कुठल्याही काळात माणसाच्या नेहमीच्या जागा साधारण पंचवीस असतात. जागा बदलतात, संख्या नाही. नवी जागा आत आली की एखादी जुनी गळते. माझ्या मागात हे शोधायला गेले तेव्हा एक भाषेचा वर्ग सुरू झालेला दिसला आणि त्याच सुमाराला एका मैत्रिणीचं घर यादीतून हळूहळू खाली जात नाहीसं झालेलं. आमचं भांडण वगैरे काही नव्हतं. वर्ग संध्याकाळी असायचा, एवढंच. मी तिला फोन केला, ती म्हणाली तुला हे कळायला आलेख लागला का.

याच अलेस्सांद्रेत्तींच्या २०२० मधल्या निबंधाने पॉवर लॉच्या कोड्याचाही बराच उलगडा केला. खोली, वस्ती, शहर, देश अशी कुंपणांत कुंपणं धरली तर प्रत्येक कुंपणाला स्वतःचं ठरावीक माप असतं. सगळ्या मापांच्या उड्या एकाच आलेखात ओतल्या की मापं एकमेकांत विरघळतात आणि कुठलंच माप नसल्याचा भास होतो. बराच काळ आम्ही त्या भासालाच नियम म्हणत होतो.

महामारीच्या काळात गुगलने हालचालींचे अहवाल काढले होते, एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२२. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतल्या त्या त्या वाराच्या मध्यकाशी तुलना. बसस्थानकं उणे साठ, दुकानं उणे पन्नास असे आकडे आणि घरांचा आकडा मात्र अधिक पंधरा-वीस. वर्तमानपत्रांत तेव्हा ‘लोक घरात थांबायला तयार नाहीत’ असे अर्थ काढले जात. खरं कारण साधं होतं आणि गुगलच्या टिपणातच दिलेलं होतं: घराचा आकडा माणसांचा नव्हता, वेळेचा होता, आणि माणूस एरवीही दिवसाचा बराच भाग घरीच असतो. आधीच सोळा तास घरी असलेल्याने चोवीस तास घरी काढले तरी वाढ पन्नास टक्केच. ते टिपण वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली. मला तेव्हा इतका राग यायचा की मी बातम्या वाचणं सोडलं.

या परत येण्याच्या सवयीचा सर्वांत मोठा उपयोग मला हैतीत झालेला दिसतो. १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, राजधानी पोर्तो-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. लोक शहर सोडून निघाले, पण किती आणि कुठे हे कुणालाच धड माहीत नव्हतं. लिनुस बेंग्टसन, शिन लू आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका मोबाइल कंपनीकडून १९ लाख सिमकार्डांच्या नोंदी मिळवल्या. भूकंपाच्या दिवशी राजधानीत असलेल्यांपैकी अंदाजे ६ लाख ३० हजार लोक १९ दिवसांनी तिथे नव्हते, असा त्यांचा हिशेब निघाला, आणि नंतर घरोघरी जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीशी लोकांची विभागणी चांगली जुळली. त्याच वर्षी पुढे कॉलरा पसरला तेव्हा डेटा हाती आल्यापासून बारा तासांच्या आत त्यांनी अहवाल दिला.

पण माझ्यासारखीला थबकवणारी गोष्ट २०१२ च्या पुढच्या निबंधात आहे. एवढ्या विध्वंसात माणसं सैरावैरा पळतील, अंदाज बांधणं अशक्य होईल, असं वाटावं. तसं झालं नाही. लोक कुठे गेले? बऱ्याच अंशी तिथेच, जिथे त्यांनी भूकंपाआधीचा नाताळ आणि नववर्ष काढलं होतं. नातेवाइकांकडे, गावी, आपल्या माणसांत. म्हणजे संकटात माणूस कुठे जाईल याचं उत्तर सुट्टीत तो कुठे थांबला होता यात होतं. हे एकदा कळल्यावर आपत्तीची तयारी करणाऱ्या कुठल्याही चमूने सणासुदीचा डेटा जपून ठेवायला हवा. प्रत्यक्षात तोच ‘असाधारण दिवस’ म्हणून आधी गाळला जातो. मी जिथे जिथे शक्य आहे तिथे यावर वाद घालते.

केनियात २००८-०९ मधल्या जवळपास दीड कोटी फोनधारकांच्या नोंदींवरून मलेरियाचे परजीवी व्हिक्टोरिया सरोवराच्या भागातून नैरोबीकडे कसे येतात हे एमी वेसोलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, तिथेही डास कमी आणि परतणारी माणसं जास्त महत्त्वाची ठरली.

आता याच नाण्याची जी बाजू बैठकीत कुणाला नको असते ती. सवयी इतक्या पक्क्या असतील तर त्या सवयीच माणसाची ओळख होतात. नाव काढून टाकल्याने काय होणार? इव्ह-अलेक्झांद्र दे माँजॉय यांच्या चमूने २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. वेळ तासाच्या मापात, जागा टॉवरच्या मापात, म्हणजे तशी ढोबळच. तरी कुठल्याही चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरल्या. डेटा आणखी ढोबळ केला तर चित्र सुधारतं, पण फारच सावकाश. माझ्या चार जागा तर मी वर सांगून बसलेय.

मग आयडीच देऊ नका, फक्त तासागणिक टॉवरवार बेरजा द्या, असा तोडगा निघतो. तो पुष्कळसा बरा आहे. पण २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी अशा नुसत्या बेरजांमधून माणसांचे स्वतंत्र माग परत उभे केले, ७३ ते ९१ टक्के अचूकतेने. युक्ती काय, तर रात्री माणूस हलत नाही, दिवसा पुढच्या क्षणी तो जवळच असतो, आणि उद्याचा दिवस आजच्यासारखाच असतो. म्हणजे वर मी जे नियम कौतुकाने सांगितले, तेच. आणि माणसं तुरळक असतील तर एवढीही मेहनत लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या धावांचा एकत्र हीटमॅप काढला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथे ते ॲप वापरणारं दुसरं कुणी नाही, तिथे लष्करी तळांच्या आतले धावण्याचे रस्ते उजळून निघालेत.

म्हणून आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या कुठल्याही तक्त्यात ठरावीक संख्येच्या खालचे चौकोन मी रिकामे ठेवते, आणि रात्रीचे तास एकत्र करून टाकते. अलीकडेच एका ग्राहकाने विचारलं की एवढे रिकामे चौकोन का, आणि त्यापेक्षा ‘नमुन्यादाखल’ शंभर आयडींचे पूर्ण माग का देत नाही, त्यात नावं थोडीच आहेत. मी त्याला म्हटलं, तुमचा स्वतःचा एका आठवड्याचा माग मला द्या, नाव खोडून. मी तुम्हाला तुमच्याबद्दल एक पान लिहून देते, मग आपण बोलू. त्याने तो अजून पाठवलेला नाही. रिकाम्या चौकोनांबद्दलचे मेल मात्र येतायत.